विस्कॉन्सिनमधल्या शिकारीचं पहिलं वर्ष: बंदुकीच्या आधी रान

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हर्नन काउंटीतल्या एका छोट्या गावात नोकरीसाठी आलेले, एच-1बी व्हिसावरचे एक मराठी गृहस्थ विचारतात: कारखान्यातले सहकारी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बोलावताहेत. मटण खातो, पण आयुष्यात बंदूक धरलेली नाही. जावं का? काय शिकावं? ही माणसं वर्षभर रानात नेमकं करतात तरी काय? आणि नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं का? मी याच डोंगराळ भागात बरीच वर्षं शिकार करतो आणि नव्या शिकाऱ्यांचा सुरक्षा-अभ्यासक्रम स्वयंसेवक म्हणून शिकवतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जरूर जा. पण या पहिल्या नोव्हेंबरात बंदूक हातात न घेता जा, आणि बोलावणाऱ्याला तसं आधीच सांगून टाका. कुणाला वाईट वाटत नाही. पहाटेच्या अंधारात येऊन गप्प बसणारा, पडलेलं हरीण ओढायला हात लावणारा आणि रात्री मांस कापायला उभा राहणारा माणूस प्रत्येक टोळीला हवाच असतो. अंगात भडक नारिंगी जाकीट आणि डोक्यावर तशीच टोपी घाला. शिकाऱ्यासाठी कायदा सांगतो की कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी त्या रंगाचा हवा. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. बघ्यानेही यात सूट घेऊ नये. आणि हाकाऱ्यात जाऊ नका. रान उठवून हरणं दुसऱ्याच्या दिशेने काढणं ही शिकारच आहे, त्याला लायसन्स लागतं.

बंदूक नको म्हणतो त्याचं कारण भीती नव्हे. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपणारे ते नऊ दिवस म्हणजेच शिकार, असं बाहेरून वाटतं. गावात शाळा ओस पडतात, कारखान्यात रजेवरून ओढाताण होते, पेट्रोलपंपावर पहाटे चारला कॉफीची रांग लागते. पण ते नऊ दिवस उरलेल्या वर्षावर उभे असतात. हरीण कुठे झोपतं, काय खातं, वारा कुठून आला की कुठल्या घळीतून निघतं, हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला गोळी कधी झाडायची नाही हे कळत नाही. आणि शिकारीत शिकायचं असतं ते मुख्यतः तेच.

आता कायद्याचं, कारण तुमच्या व्हिसामुळे हे सगळ्यात आधी. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे क्रम उलटा करून चालत नाही. आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. 'जरा धरून बघ', 'रेंजवर दोन गोळ्या झाड', असं मित्र प्रेमाने म्हणतील. लायसन्स खिशात नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांना हा नियम माहीत नसतो, कारण त्यांच्यावर तो कधी आलेलाच नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुम्ही मात्र पुढे जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. त्याची फी जाईल, पण व्हिसा पणाला लागणार नाही.

1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचं लायसन्स घेण्यासाठी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तुम्ही त्यात आलात. अभ्यासक्रम न करताही एक वाट आहे, ती मार्गदर्शकाबरोबरच्या शिकारीची: अनुभवी प्रौढ शिकारी तुमच्यापासून हाताच्या अंतरावर राहिला पाहिजे. तरीही अभ्यासक्रम कराच. वर्गात बारा वर्षांची पोरं शेजारी बसतील, त्याचा संकोच धरू नका. वर्गात प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव ठेवला आहे का, हे मात्र नाव नोंदवतानाच विचारा आणि असेल तर शिक्षकाला आपला व्हिसा सांगा.

तिथे चार नियम पाठ करून घेतले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्हींची खात्री करायची. आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवायचं. मी तिसऱ्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो. आपल्या भागात टेकडीच्या धारेवर उभं राहिलेलं हरीण आकाशाच्या पार्श्वभूमीवर फार सुरेख दिसतं. त्याच्यावर कधीही गोळी झाडायची नाही. चुकली तर ती पलीकडच्या दरीत जाते, आणि तिथे कुणाचा तरी गोठा असतो.

तुमच्या प्रश्नावर ऑगस्टची तारीख आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. आत्ता करायचं काम म्हणजे जमीन ओळखणं. व्हर्नन काउंटी ज्या पट्ट्यात येते तो हिमयुगातल्या बर्फाच्या थराखाली गेलाच नाही. आजूबाजूचा मुलूख बर्फाने सपाट केला आणि इथे मात्र उभ्या कडांच्या दऱ्या, वर सपाट धारा आणि खाली थंड पाण्याचे झरे शाबूत राहिले. धारेवर आणि दरीच्या तळाशी मका-सोयाबीन, मधल्या उतारावर ओक आणि हिकरीचं रान. हरणाला याहून काय हवं! दिवसा उतारावरच्या झाडीत बसायचं, तिन्हीसांजेला शेतात उतरायचं.

यातली बहुतेक जमीन खाजगी आहे. पाटी लावलेली नसली तरी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा इथला कायदा आहे. परवानगी मागायची वेळ उन्हाळा. ऑक्टोबरात शेतकऱ्याच्या दारात उभं राहणारे पुष्कळ असतात, जुलै-ऑगस्टमध्ये कुणी नसतं. दुपारच्या दूध काढायच्या वेळेला जाऊ नका. गाडी घरासमोर दिसेल अशी लावा, नाव सांगा, कुठे काम करता ते सांगा, आणि मोकळेपणाने सांगा की या वर्षी नुसतं फिरून शिकायचं आहे. कुंपण दुरुस्तीला, सरपण रचायला या, म्हणतील, जा. जुन्या पद्धतीने राहणाऱ्या, धार्मिक आमिश पंथाच्या कुटुंबांची शेतं तुमच्या आसपास बरीच आहेत, तिथे रविवारी जाऊ नका. आणि परवानगी मिळाली ती तुम्हाला, तुमच्या मित्रांना नव्हे, हे विसरू नका.

ओळख होईपर्यंत सार्वजनिक जमीन आहेच. ला फार्ज आणि ऑन्टेरिओ या गावांमधला किकापू व्हॅली रिझर्व्ह सुमारे 8,600 एकरांचा आहे. तिथे धरण व्हायचं होतं. शेतकरी कुटुंबांना उठवून जमिनी घेतल्या, भिंतीचं काम निम्म्यावर आलं आणि 1975 मध्ये थांबलं ते कायमचं. आपल्याकडे 'धरणग्रस्त' म्हटल्यावर जे सगळं डोळ्यांपुढे येतं ते तिथेही घडलं, फक्त पाणी कधी आलं नाही. आज ती जमीन राज्य आणि हो-चंक नेशन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक जमात, मिळून सांभाळतात. हो-चंक लोक या दऱ्यांमध्ये शिकार करत होते तेव्हा इथे नॉर्वेतून आलेला एकही शेतकरी नव्हता. तिथे शिकारीला मुभा आहे. जाण्याआधी त्यांच्या कार्यालयातून नियम समजून घ्या.

सप्टेंबरच्या मध्याला धनुष्याचा हंगाम उघडतो आणि निदान जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. 2014 पासून चापाचं आडवं धनुष्य, म्हणजे क्रॉसबो, सगळ्यांना खुलं झालं. तुमच्यासारख्याला ते सोयीचं आहे, कारण बंदुकीची ती संघराज्याची बंदी धनुष्याला लागू नाही. शिकारीचं लायसन्स मात्र त्यालाही लागतंच. धनुष्याने पंचवीस पावलांच्या आत हरीण यावं लागतं, आणि तेवढं जवळ आणायचं म्हणजे वारा समजून घ्यावा लागतो. हरणाचे डोळे हालचाल टिपतात, कान बारीक असतात, पण त्याचा खरा पहारा नाकावर आहे. तुमच्याकडून त्याच्याकडे वारा वाहत असेल तर उठून घरी या.

माझं मत विचाराल तर पहिली शिकार हरणाची नकोच, खारीची करा. इथल्या करड्या आणि तांबूस खारी मोठ्या असतात, हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. खार म्हटलं की आपल्या मनात सेतूची गोष्ट येते, हात आखडतो. तसं होत असेल तर सशापासून सुरुवात करा, जबरदस्ती नाही. पण ओकच्या बुंध्याला टेकून तासभर न हलता बसायची सवय जशी खारीमागे लागते तशी कशानेच लागत नाही. विस्कॉन्सिनमधले हमोंग शिकारी यात वाकबगार आहेत. लाओसच्या डोंगरांतून आलेली ही मंडळी खारीचा रस्सा मिरची आणि गवती चहा घालून करतात, आणि तो आपल्या जिभेला ओळखीचा लागतो.

ऑक्टोबरात जमीन वाचायला शिका. पांढऱ्या ओकची फळं पडली की हरणं तांबड्या ओककडे ढुंकून बघत नाहीत, कारण तांबडीत तुरटपणा जास्त. पाऊलवाटेकडेच्या कोवळ्या खोडाची साल गुडघ्याइतक्या उंचीवर सोललेली दिसली तर नराने शिंगं घासली आहेत. खाली पाला खुरांनी उकरून माती उघडी केलेली आणि वर लोंबती फांदी चघळलेली, ही दुसरी खूण. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माज भरात येतो. तेव्हा एरवी सावध असणारा नर भर दुपारी माद्यांचा माग काढत हिंडतो. याच सुमाराला मका कापला जातो. उभा मका असेपर्यंत त्यात शेकडो एकरांचा आडोसा असतो. एकदा हार्वेस्टर फिरला की हरणं उतारावरच्या झाडीत येतात. शेजारच्या शेतात मका अजून उभा आहे का, हा प्रश्न नोव्हेंबरात गावात चहाच्या जागी विचारला जातो.

बदकांचं थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळाच छंद आहे आणि खर्चिकही. मिसिसिपी तुमच्यापासून पश्चिमेला फार लांब नाही. 1924 मध्ये स्थापन झालेलं नदीकाठचं राष्ट्रीय अभयारण्य 261 मैल लांब पसरलंय आणि त्याच्या बऱ्याच भागात शिकार चालते. बदकांसाठी शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत, पोलादी वापरायचे. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. आणि सोळा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला 25 डॉलरचं संघराज्याचं बदक-तिकीट घ्यावं लागतं. 1934 पासूनची ही योजना. तिकिटाच्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जमिनी घेण्यात आणि राखण्यात जातात. शिकार करायची नसली तरी हे तिकीट घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. नोव्हेंबरात नदीवर हजारो टुंड्रा हंस उतरतात, ते बघायला मुलीला न्या. हंसाची शिकार इथे नाही.

आता तो शनिवार. अंधारात निघायचं, पण चालताना घाम येऊ द्यायचा नाही; जाड कपडे पाठीवर बांधून न्यायचे आणि जागेवर पोचल्यावर चढवायचे. आतला थर लोकरीचा हवा, सुती कपडा एकदा ओला झाला की अंग गोठवतो. मचाणावर चढायचं तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगात पट्ट्यांचं सुरक्षा-जाकीट, म्हणजे हार्नेस, आणि ते झाडाच्या दोराला अडकवलेलं. इथली जाणती माणसंसुद्धा मचाणावरून पडतात, बर्फाळलेल्या पायरीला अनुभव कळत नाही. बंदूक खाली रिकामी ठेवून दोरीने वर ओढून घ्यायची. गोळी झाडायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. पण मुभा आहे म्हणजे दिसतंय असं नाही.

हरीण आलं की तुमचा मित्र काय करतो ते नीट बघा. आडवं उभं राहण्याची वाट बघेल. पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरेल. तिथे फुप्फुसं आणि हृदय आहे. हरीण समोरासमोर असेल, पळत असेल, मध्ये झुडूप असेल, तर चांगला शिकारी बंदूक खाली घेतो. तसं झालं तर त्याचं कौतुक करा.

गोळी लागल्यावर बहुतेक हरणं पळतात. तेव्हा उतरायची घाई करायची नाही. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं, दोन्ही जागा मनात पक्क्या करायच्या. अर्धा तास थांबायचं. मग पहिल्या जागी जाऊन रक्त बघायचं. फिकट लाल, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसात लागलीय, हरीण जवळच पडलेलं असतं. गडद, काळपट रक्त यकृताचं; काही तास थांबा. रक्तात हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलीय. तेव्हा निदान सहा तास त्याच्या मागे जायचं नाही, कारण पाठलाग केला की ते मैलभर जाऊन कुठेतरी हाल होऊन मरतं. माग काढताना रक्ताच्या रेषेवर पाय न देता बाजूने चालायचं आणि शेवटच्या थेंबापाशी एक माणूस उभा ठेवायचा. जखमी हरीण शोधायला उरलेला सगळा दिवस गेला तरी जाऊ द्यायचा. ही या खेळातली जबाबदारी आहे, आणि ज्याला ती नको असेल त्याने चापाला बोट लावू नये.

पडलेल्या हरणाजवळ पाठीच्या बाजूने जायचं, काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. हललं नाही की काम सुरू. उताणं करून मागचे पाय फाकवायचे. छातीच्या हाडाखाली कातडं चिमटीत उचलून छोटी चीर द्यायची, त्यात दोन बोटं घालायची आणि बोटांच्या मधून पातं वरच्या दिशेला धरून मागे नेत जायचं, म्हणजे आतड्याला टोक लागत नाही. आतून वाफ येते. थंडीत तुमचे बोटांचे शेंडे बधिर झालेले असतात आणि त्या पोटात हात घातला की एकदम ऊब लागते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कडेने कापायचा, बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालायचा, श्वासनळी गळ्याजवळ पकडून कापायची आणि ओढायची; सगळं एकदम बाहेर येतं. मूत्राशय फुटणार नाही एवढं बघायचं. काळीज वेगळ्या पिशवीत ठेवा, ते त्याच रात्री कांद्यावर परतायचं. बघताना पोटात ढवळलं तर बाजूला जाऊन या. पण बाजारातून आणलेल्या मटणाच्या मागे काय असतं ते एकदा स्वतःच्या हातांनी केलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

मांस लवकर थंड करणं सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर पाच अंश सेल्सियसपेक्षा जास्त असेल तर पोटात बर्फाच्या पिशव्या घाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हरणाची नोंद ऑनलाइन किंवा फोनवर करावी लागते.

आणि मग तपासणी. 2002 मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेबजवळच्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. त्याला इथे सीडब्ल्यूडी म्हणतात. तो विषाणू किंवा जंतूंनी होत नाही, बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. राज्याच्या दक्षिण भागात तो पुष्कळ पसरलाय. रोगी हरीण बराच काळ धडधाकट दिसतं, त्यामुळे बघून ठरवता येत नाही. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही; तरी रोगट निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका, असं संघराज्याचं आरोग्य खातं सांगतं. तपासणी फुकट आहे. मानेच्या थोड्या भागासकट मुंडकं गावोगावच्या पेट्यांमध्ये ठेवायचं, घशाजवळच्या लसिका ग्रंथी काढून तपासतात. अहवाल येईपर्यंत मांस पाकिटावर खूण घालून फ्रीझरमध्ये ठेवा. 'आम्ही इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही' असं म्हणणारा तुम्हाला भेटेल. त्याचं आदराने ऐका आणि तुम्ही तपासून घ्या. हाडं-सांगाडा रानात न टाकता ठरवून दिलेल्या कचरापेटीत टाका. याच रोगामुळे आपल्या काउंटीत हरणांना मका टाकून गोळा करायलाही बंदी आहे. अंगणात हौसेनेही टाकू नका.

गोळी तांब्याची वापरायचा आग्रह मित्राकडे धरा. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे मांसात जखमेपासून बरेच लांब जातात, आणि रानात टाकलेली आतडी खाऊन गरुड शिशाच्या विषबाधेने मरतात.

हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, आणि असते ती मेणासारखी टाळूला चिकटते. ती आणि वरची चंदेरी पापुद्र्याची साल काढून टाका. पाठीच्या लांब पट्ट्या तव्यावर लोणी-लसणात दोन-दोन मिनिटं, आतून गुलाबी राहतील अशा. पुढचे पाय आणि नळ्या मात्र कांदा-सुकं खोबरं भाजलेल्या वाटणात मंद आचेवर तीन तास. खिम्याला थोडं तेल जास्त घाला. हे मांस विकायला कायद्याने बंदी आहे. जास्त असेल तर वाटायचं, किंवा 2000 पासून चालू असलेल्या राज्याच्या योजनेतून गरजूंच्या शिधाकेंद्राला द्यायचं.

विकायला बंदी का, हे समजायचं असेल तर एखाद्या रविवारी वायलुसिंगला जा. विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते त्या कड्यावर 1947 मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे, नामशेष झालेल्या प्रवासी कबुतराचं. 1871 मध्ये या राज्याच्या मध्यभागी त्यांची जी वसाहत बसली ती साडेआठशे चौरस मैलांवर होती, पक्षी तेरा कोटींच्या वर असावेत असा अंदाज आहे. रेल्वे आणि तारयंत्र आलं, बाजारासाठी मारणारे शिकारी पिंपंच्या पिंपं भरून शहरांना पाठवू लागले. 1899 मध्ये बॅबकॉक इथे राज्यातलं शेवटचं मारलं गेलं. आजचे सगळे नियम, हंगाम, मर्यादा, लायसन्स, या घटनेच्या सावलीत जन्मलेले आहेत. 1937 पासून बंदुका आणि काडतुसांवर उत्पादकांकडून 11 टक्क्यांपर्यंत कर घेतला जातो आणि तो राज्यांना मुख्यतः वन्यजीवांसाठी मिळतो.

हिवाळा मासेमारीचा. जानेवारीत मिसिसिपीच्या फाट्यांवर तंबूंचं गावच वसतं. बर्फाला भोक पाडून ब्लूगिल आणि पर्च धरतात. स्वच्छ, निळसर बर्फ चार इंचांपेक्षा कमी असेल तर पाय ठेवू नका, आणि वाहत्या पाण्यावरच्या बर्फाची जाडी दहा पावलांवर बदलते. गळ्यात टोकदार खुंट्यांची जोडी अडकवा. पडलात तर त्यांनीच बर्फाला धरून बाहेर येता येतं. एकट्याने जाऊ नका. याच दिवसांत नरांची शिंगं गळतात, ती शोधत फिरणं हा हरणांच्या वाटा शिकायचा उत्तम मार्ग आहे. पानं नसतात, बर्फावर प्रत्येक पाऊल छापलेलं असतं. मार्चमध्ये रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा वितळणारं ऊन सुरू झालं की मेपलचा रस धरतात. चाळीस गॅलन रस आटवून एक गॅलन पाक. काकवी पाहिलेल्या माणसाला ती भट्टी लगेच आपली वाटते.

आणि मग एप्रिल. खारी-सशांनंतरची पहिली मोठी शिकार स्वतः करायची तर ती या महिन्यात करा, टर्कीची. विस्कॉन्सिनमधून जंगली टर्की एकोणिसाव्या शतकातच संपली होती. 1976 मध्ये मिझुरी राज्यातून पक्षी आणून सोडले, बदल्यात इथले ग्राउज नावाचे रानपक्षी तिकडे दिले. ते सोडले कुठे, तर तुमच्याच व्हर्नन काउंटीत. आज राज्यभर जे थवे दिसतात त्याची सुरुवात तुमच्या गावाशेजारच्या दऱ्यांतली आहे. पहाटे झाडावर बसलेला नर घुबडाच्या आवाजालाही चिडून ओरडतो, दरी दणाणते. त्याच्यापासून दीडशे पावलांवर जाड बुंध्याला पाठ टेकून बसायचं आणि लाकडी पेटी घासून मादीचा आवाज काढायचा. तो येतो, पिसारा फुलवून. कधी येत नाही. फक्त छातीवर दाढीसारखे केस असलेला पक्षीच मारायचा. टर्कीच्या रानात लाल, पांढरा, निळा कपडा घालायचा नाही, खिशातला रुमालसुद्धा नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. आणि ऐकू आलेल्या आवाजाच्या दिशेने कधी लपतछपत जायचं नाही; तिकडे दुसरा शिकारी असू शकतो.

मे महिन्यात वाळत चाललेल्या एल्मच्या बुडाशी मोरेल अळंबी उगवतात. उभं चिरल्यावर खालपासून वरपर्यंत पोकळ असेल तरच खरं, आणि शिजवल्याशिवाय खायचं नाही. पहिल्या वर्षी जाणत्याला दाखवूनच घरी न्या. थंड ओढ्यांत ट्राउट मासे आहेत. पण याच दिवसांपासून गोचिडी सुरू होतात. काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं आणि लाइम रोग त्याच्यामुळेच जास्त होतो. पँट मोज्यांत खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण आणि मुलीच्या केसांखालची कातडी तपासा. लालसर वलय उठलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

जून-जुलैत पाडसं गवतात निश्चल पडलेली दिसतील. आई सोडून गेलेली नाही, चरायला गेली आहे. हात लावू नका. याच दिवसांत कून व्हॅलीकडे एक चक्कर मारा. उतारांना वळसे घालत मका आणि गवताचे आलटूनपालटून पट्टे आहेत. 1933 मध्ये इथली माती वाहून दऱ्या फाटत चालल्या होत्या, तेव्हा देशातला पहिला पाणलोट संवर्धनाचा प्रकल्प इथे सुरू झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झालेले आल्डो लिओपोल्ड, जे स्वतः पक्के शिकारी होते, या कामात सल्लागार होते. ओढ्यांतली ट्राउट आणि बांधावरची हरणं ही त्या पट्ट्यांची कमाई आहे.

मुलीचं. मार्गदर्शकाबरोबरच्या शिकारीला 2017 पासून राज्यात वयाची खालची अट नाही, त्यामुळे सहकारी म्हणतील की तिलाही लायसन्स काढ. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक द्यायची गरज नाही, हे माझं मत. अकरा-बाराला ती स्वतः मागेल तर अभ्यासक्रमाला एकत्र बसा. यंदा तिला घेऊन जा, पण पहिल्या शनिवारी नको, तेव्हा रानात गर्दी असते आणि गोळ्यांचे आवाज चहूकडून येतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी दुपारी न्या, जमिनीवरच्या आडोशात, मचाणावर नाही. तिच्या मापाचं नारिंगी जाकीट, कानांना संरक्षण, बुटात एक माप मोठी जागा आणि लोकरीचे दोन मोजे, थर्मासमध्ये गरम दूध. हरीण पडलं तर पोट फाडताना तिला बघायचं आहे का ते आधी विचारा आणि ती नको म्हणाली तर गाडीपाशी तिच्याबरोबर थांबा. पाय गार पडले म्हणाली की लगेच उठायचं, मग समोर दहा टोकांच्या शिंगांचा नर उभा असला तरी.